मोठा पुढच्या खेपेला

गाडीतून उतरून ती थेट लाँड्रीत शिरली, तेव्हा सासूबाई कुणाचा तरी लांबलचक कोट टेबलावर उताणा पाडून त्याच्या बाहीशी झटत होत्या. वाफेचा फुस्स आवाज झाला. त्यांनी मान वर करून सुनेकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "आलीस? तो मोठा हँगर दे बघू इकडे."

त्यांच्या स्वागताची हीच तऱ्हा होती. लग्नानंतर ती पहिल्यांदा या घरी आली होती तेव्हाही त्यांनी तिच्या हातात एका पडद्याची दोन टोकं दिली होती, उरलेली दोन स्वतः धरली होती, आणि घडी घालता घालता तिची सगळी चौकशी केली होती. पडद्याची घडी संपेपर्यंत सून पसंत पडली होती.

गल्ल्यावरून सासऱ्यांनी हाक मारली, "या डॉक्टरीणबाई! आता चार दिवस मला दात लपवून हसावं लागणार."

ती दातांची डॉक्टर होती. इथून दिवसभराच्या प्रवासावरच्या मोठ्या शहरात एका मैत्रिणीबरोबर तिचा दवाखाना होता, आणि मैत्रिणीवर सगळे पेशंट टाकून निघायचं म्हणजे चार दिवसांच्या वर रजा मिळत नसे. नवरा होता तेव्हाही हेच होतं. वर्षातून एकदा, उन्हाळा उतरला की दोघं यायची, जेमतेम चार दिवस राहायची, त्यातल्या एका दिवशी डोंगर चढायची आणि परत जायची.

तिच्या नवऱ्याला सगळं गाव लांबू म्हणायचं. चौदाव्या वर्षीच त्याचं डोकं लाँड्रीच्या दाराच्या चौकटीला आपटायला लागलं होतं. एकुलता एक मुलगा. तीन वर्षांपूर्वी ऑफिसात बसल्या बसल्या त्याचं डोकं दुखायला लागलं. शेजारच्याकडे त्याने गोळी मागितली, ती यायच्या आत टेबलावर डोकं टेकलं आणि ते पुन्हा उचललंच नाही. आईवडील पोचले तेव्हा तिला धीर देण्यापलीकडे त्यांच्या हातात काही उरलं नव्हतं, आणि तिच्याही हातात त्यांना धीर देण्यापलीकडे काही नव्हतं.

त्यानंतर दोन वर्षं ती यायची, बसायची, परत जायची. डोंगराचं नाव कुणी काढलं नाही. यंदा मात्र तिने फोनवर आपणहून म्हटलं होतं, "बाबा, या वेळी एखादा डोंगर चढेन म्हणते." सासरे इतके खूश झाले की पुढची दहा मिनिटं हवामानावरच बोलत राहिले.

खरी गोष्ट अशी होती की तिला त्यांना काही सांगायचं होतं. ती पुन्हा लग्न करणार होती. माणूस लिफ्ट दुरुस्त करणारा होता. दात दुखतो म्हणून आला, अक्कलदाढ काढून घेतली, आणि गालात कापूस असतानाच पुढच्या आठवड्यात चहाला याल का म्हणून विचारलं. अक्कलदाढ गेल्यावरच असलं सुचतं, असं मैत्रीण म्हणाली होती. चांगला होता. कमी बोलायचा, आणि लांबूबद्दल ती बोलली की उठून जायचा नाही. हे सगळं फोनवर सांगणं तिला बरं वाटेना. डोंगर चढून, दमून, भुकेने माणूस ताटावर बसलं की कुठलीही गोष्ट सांगता येते असा तिचा अनुभव होता. म्हणून आधी डोंगर, मग सांगणं, असं तिने मनाशी ठरवलं होतं.

*

कुठला डोंगर, हे ठरवायची या घरात एक रीत होती. दुकानाचं शटर अर्धं ओढलं की सासरे वरून नकाशा आणायचे आणि इस्त्रीच्या टेबलावर पसरायचे. टेबल अजून कोमट असायचं. मग बापलेक त्यावर असे वाद घालायचे की जणू घर विकत घेताहेत. हा फार सोपा, तो फार लांब, त्याच्या वाटेवर पाणी नाही. गावाभोवतीचे बहुतेक सगळे डोंगर त्यांनी असे एकेक करून संपवले होते. फक्त मोठा राहिला होता. त्याला गावात दुसरं नाव नव्हतं. आजूबाजूच्या सगळ्यांच्या खांद्यावरून डोकं काढून तो उभा असायचा, आणि त्याच्यावर जायचं तर वाटेतल्या निवाऱ्यात एक रात्र मुक्काम करावा लागायचा. दर वर्षी कुणीतरी "मोठा?" म्हणायचं, आणि दर वर्षी लांबू म्हणायचा, "दोन दिवस जातील त्यात. आईबरोबर बसायचं कधी? मोठा पुढच्या खेपेला."

आणि आई तिकडे पाठ करून कपड्यांना नंबराच्या चिठ्ठ्या टाचत असायच्या. त्या कधी आल्या नाहीत. दुकान कोण बघणार? संध्याकाळी ही सगळी लाल तोंडाने परत आली की त्या एवढंच विचारायच्या, "पडलं नाही ना कुणी?"

त्या संध्याकाळीही नकाशा टेबलावर आला. सासऱ्यांची छाती मागच्या वर्षी डॉक्टरांनी उघडून पुन्हा शिवली होती, त्यामुळे त्यांना चढायचं नव्हतं. पण निवडायला छातीचं काय जातंय?

"मनोऱ्याची टेकडी बघ," ते म्हणाले. "अर्ध्यापर्यंत गाडी जाते. दुपारी जेवायला घरी येशील."

"बाबा, तिथे माणसं कुत्री फिरवायला जातात."

"मग तळ्याचा?"

"तो दोनदा झालाय."

"डोंगर दोनदा चढला तर रागावतो का? तू एकटी जाणार. ओळखीची वाट बरी."

मागून सासूबाईंचा आवाज आला, "मोठा का नाही?"

दोघांनी वळून पाहिलं. त्या एका शर्टाची कॉलर बोटाने चाचपत होत्या.

"अगं, मोठा काय..." सासरे म्हणाले. "एकटी पोर, वर मुक्काम..."

"एकटी कशाला? मी जाणार तिच्याबरोबर."

सासरे हसले. मग बायकोचं तोंड बघून थांबले. "तुला चढवेल का? घरचा जिना चढताना दोनदा थांबतेस तू."

"जिन्यात थांबते ती तुम्हाला सांगायला की दिवा विझवा म्हणून. चाळीस वर्षं या टेबलापाशी उभी आहे मी. ज्याला उभं राहता येतं त्याला चालायला काय लागतं?"

"आणि इस्त्री कोण करील?"

"दोन दिवस लोक चुरगळलेले फिरतील. मरत नाही त्याने कुणी."

शेवटचं वाक्य निघून गेल्यावर त्यांचा हात कॉलरवरच राहिला. सासऱ्यांनी नकाशाची एक घडी उगाच सरळ केली.

तिला वाटलं, आत्ताच सांगावं. दोघंही समोर आहेत. तिने "आई," अशी सुरुवातही केली. पण सासूबाई म्हणाल्या, "तू काही बोलू नकोस. तो दर वर्षी माझं निमित्त सांगायचा. आईबरोबर बसायचं म्हणून मोठा राहू दे. ऐकत होते की मी. माझ्यामुळे राहिलाय तो." आणि सासरे लगेच बुटांच्या मागे लागले. सासूबाईंकडे चालण्याजोगे बूट नव्हते. नवऱ्याचे बूट दोन मोज्यांवर बरोबर बसतात असं त्यांनी जिन्यात दोनदा वरखाली करून सिद्ध केलं. अंडी उकडायला ठेवली गेली. सांगायचं ते राहून गेलं.

*

सकाळच्या पहिल्या बसने दोघी डोंगराच्या पायथ्याशी उतरल्या. सासूबाईंनी डोक्याला रुमाल बांधला होता आणि हातात काठी घेतली होती. काठी कशी धरायची ते ठाऊक नसल्यामुळे ती त्यांनी छत्रीसारखी काखेत मारली होती.

वाट झाडीतून जात होती. खाली पडलेल्या सुयांसारख्या पानांवर पाय वाजत नव्हता. सासूबाई सावकाश पण न थांबता चालत होत्या. आणि त्या विचारत होत्या. आयुष्यात त्यांनी सुनेला एवढे प्रश्न कधी विचारले नव्हते.

"तो पुढे चालायचा का मागे?"

"पुढे. मग कंटाळून थांबायचा माझ्यासाठी."

"चिडायचा?"

"नाही. शीळ घालत बसायचा. बेसूर."

"बापावर गेला त्यात." त्या खूश झाल्या. थोड्या वेळाने एक ओढा आडवा आला. दगडांवर पाय ठेवत त्यांनी तो पार केला आणि पलीकडे वळून उभ्या राहिल्या. "इथे काय केलं असतं त्याने?"

"आई, आम्ही या डोंगरावर आलोच नव्हतो कधी."

"ते ठाऊक आहे गं. आला असता तर?"

तिने ओढ्याकडे पाहिलं. "बूट काढून पाण्यात पाय सोडून बसला असता. आणि निघताना एक मोजा सापडला नसता."

सासूबाई इतक्या हसल्या की त्यांना काठीवर रेलावं लागलं. "लहानपणापासून!" त्या म्हणाल्या. "एक मोजा कायम हरवलेला! दुसऱ्यांचे कपडे चिठ्ठ्या लावून जपणारं आमचं घर, आणि याचा एक मोजा..."

मग त्यांना हा खेळच सापडला. मोठी शिळा आली की, "यावर चढला असता?" दोन वाटा फुटल्या की, "कुठली धरली असती?" आणि तीही सांगत गेली. अंदाजाने सांगत होती, पण खोटं काही नव्हतं त्यात. लांबू तिला पाठ होता. झाडी संपून डोंगराची उघडी धार लागली तोवर तो त्या दोघींच्या मधूनच चालत असल्यासारखा झाला होता. तिला ते गोड वाटत होतं आणि त्याच वेळी सांगायचं राहिलेलं आठवत होतं.

धारेवर एका आडोशाला बसून त्यांनी अंडी सोलली. खाली गाव दिसत होतं, काड्यापेटी उपडी केल्यासारखं. सासूबाईंनी मीठ लावून अंडं तिच्या हातात दिलं.

"एक सांगू?" त्या म्हणाल्या. "तो अठरा वर्षांचा होऊन शिकायला गेला तोवरचा माझ्याकडे आहे. सगळा. कुठल्या दाताने आधी खायचा तेही सांगेन. पण पुढचा माझ्याकडे नाही. मोठा माणूस झालेला, नोकरी करणारा, डोंगर चढणारा, तो सगळा तुझ्याकडे आहे. चार दिवस यायचा, त्यात मी इस्त्री करत असायची. म्हणून म्हटलं, या वेळी तुझ्याबरोबर यावं. तू आहेस तोवर तो कुठे जात नाही."

ती अंडं हातात धरून बसली. हे ऐकून गप्प राहणं म्हणजे फसवणूक होईल असं तिला वाटलं. उद्या, परवा, जेवणानंतर, ते सगळं आता खोटं होतं.

"आई," ती म्हणाली, "मी लग्न करतेय."

वारा होता. सासूबाईंना ऐकू आलं नाही असं तिला क्षणभर वाटलं. त्या अंड्याची टरफलं गोळा करत होत्या. एकेक करून सगळी गोळा केली, कागदात गुंडाळली, कागद पिशवीत ठेवला.

"कोण आहे?"

तिने सांगितलं. थोडक्यात सांगितलं, कारण प्रत्येक वाक्य त्यांच्यावर दगडासारखं पडताना तिला दिसत होतं.

"आणि हे सांगायला मला इतकं वर आणलंस?"

"आई, मोठा तुम्ही निवडलात. मी घरी सांगणार होते. जेवताना, दोघांना..."

"हो. मीच निवडला." त्या उठल्या. रुमाल घट्ट केला. "मग आता त्याला कुठे ठेवणार तू? त्या माणसाच्या घरात जागा आहे का त्याला? का सोडून देणार मोज्यासारखा?"

ती रडायला लागली. सासूबाईंनी तिच्याकडे पाहिलं नाही. काठी उचलून त्या वाटेला लागल्या, आणि आश्चर्य म्हणजे खालच्या नाही, वरच्या.

*

निवाऱ्यापर्यंत त्या एक अक्षर बोलल्या नाहीत. शेवटचा चढ उभा होता. त्या दर वळणाला थांबत, छाती भात्यासारखी हलत असे. सुनेने हात पुढे केला की त्या काठी त्याच बाजूच्या हातात घेऊन हात मोकळा नाही असं दाखवत.

निवारा म्हणजे दगडी भिंतींची एक लांब खोली, भिंतीला लागून फळ्यांचे बिछाने, मधे शेगडी. सांभाळणारी बाई गप्पिष्ट होती. तिने दोघींना सूप दिलं, घोंगड्या दिल्या, आणि कौतुकाने विचारलं, "मायलेकी का?"

एरवी अशा वेळी सासूबाई म्हणत, "सून आहे. पण लेकीपेक्षा वरचढ." बसमध्ये, बाजारात, दवाखान्यात, कितीदा म्हणाल्या होत्या.

"नाही," त्या म्हणाल्या, आणि सूप प्यायला लागल्या.

बाई ओशाळून शेगडीकडे वळली. सून आपल्या वाटीत बघत राहिली. धारेवर बोललेलं सगळं एकीकडे आणि हा एक शब्द एकीकडे.

सकाळी सासूबाईंना बूट घालता येईनात. नवऱ्याच्या बुटांनी दोन्ही टाचा सोलल्या होत्या. मोजे रक्ताने चिकटले होते. एवढं होऊनही काल त्यांनी हूं की चूं केलं नव्हतं. तिने सॅकमधून मलमपट्टी काढली आणि त्यांच्यासमोर खाली बसली. त्यांनी पाय मागे घेतला नाही. मान तेवढी भिंतीकडे वळवली. मोजा कोमट पाण्याने भिजवून सोडवताना तिने सवयीने विचारलं, "दुखतंय का?"

"तू तुझं काम कर."

तिने काम केलं. तिच्या हाताखाली ते पाय होते, चाळीस वर्षं टेबलापाशी उभं राहून नसा तटतटलेले, बोटं वाकलेली. पट्टी बांधून झाल्यावरही तिला ते सोडवेनात. सासूबाईंनीच हलकेच ओढून घेतले.

"तू जा वर," त्या म्हणाल्या. "इथवर आलीयस तर जाऊन ये. मी बसते."

"मला नाही जायचं. आपण खाली जाऊ."

"जा म्हणते ना!" त्यांचा आवाज चढला, तशी शेगडीपाशी बसलेली बाई दचकली. "दोघींपैकी एकीने तरी जायला नको? जा."

ती गेली. माथा फार लांब नव्हता. सुटे दगड, मग एक अरुंद खिंड, मग बर्फाचा एक मळकट पट्टा, आणि संपलं. वर चारपाच तरुण मुलंमुली होती. त्यांनी तिला फोटो काढायला सांगितलं. तिने काढला, त्यांच्या सांगण्यावरून आणखी एक काढला. मग ती बाजूला जाऊन बसली. चहूकडे डोंगर होते, निळे, एकामागे एक. तिला वाटलं होतं, इथे तरी लांबू भेटेल. तिने डोळे मिटून कालचा खेळ एकटीने खेळून पाहिला. इथे आला असता तर कुठे बसला असता? काय म्हणाला असता? काही सुचेना. ज्या दगडावर ती बसली होती त्याला लांबू ठाऊक नव्हता. सासूबाई विचारत होत्या म्हणून तो कालपर्यंत बरोबर चालत होता. विचारणारं कुणी नसलं की तो तिच्याकडेही नव्हता. हे तिला तिथे कळलं आणि ती तोंडावर रुमाल धरून, त्या मुलांना ऐकू जाऊ नये म्हणून आवाज गिळत, बराच वेळ रडली.

खाली आली तर निवाऱ्यात सासूबाई नव्हत्या.

"गेल्या की," बाई म्हणाली. "माझा गॅस घेऊन खेचरवाला आला होता. रिकाम्या खेचरावर बसून गेल्या. तुमच्यासाठी पाणी भरून ठेवलंय म्हणाल्या." फळीवर तिची बाटली भरलेली होती, शेजारी पाव आणि उरलेली दोन्ही अंडी. दोन्ही. स्वतःसाठी काही नेलं नव्हतं.

"काही निरोप?"

"नाही बाई. भांडण झालंय का तुमचं?"

तिने पाव आणि अंडी सॅकमध्ये टाकली. बाटली घेतली आणि उतरायला लागली. येताना दिवसभराची वाटलेली वाट आता सरसर संपत होती. दर वळणावर तिला भीती वाटे की पुढे कुठेतरी खेचर उभं असेल आणि सासूबाई खाली पडलेल्या असतील. कुणीच दिसलं नाही. ओढा तिने न थांबता ओलांडला.

*

बस गावात पोचली तेव्हा दिवे लागत होते. लाँड्री उघडी होती. सासूबाई पायात पट्ट्यांवर सपाता घालून टेबलापाशी उभ्या होत्या आणि दोन दिवसांचे तुंबलेले शर्ट एकामागून एक संपवत होत्या. तिला बघून त्यांनी डोळ्यांनी नखशिखांत पाहिलं, पडली नाहीये ना याची खात्री केली, आणि पुढचा शर्ट ओढला.

सासऱ्यांनी तिला मागच्या खोलीत नेलं, जिथे ते डाग काढायचे. बाटल्यांच्या फळीखाली दोन स्टुलं होती.

"सांगितलं तिने," ते म्हणाले. "बस. दमलीस."

ती बसली.

"काय करतो म्हणालीस?"

"लिफ्ट दुरुस्त करतो."

"म्हणजे त्याचंही आयुष्य वर-खाली." ते हसायला गेले, पण हसू अर्ध्यात मोडलं आणि त्यांनी हातातल्या फडक्यात तोंड लपवलं. फडक्याला स्पिरिटचा वास होता. डोळे आणखीच झोंबले. "बघ, मला आनंद झाला असं मी म्हणणार नाही. खोटं बोलायचं वय गेलं. पण तू चुकलीस असंही म्हणणार नाही. तुझं वय काय, पोरी. आम्ही रोज रात्री बोलायचो, हिचं पुढे काय, हिने कुणीतरी बघावं. तीच म्हणायची. मी गप्प बसायचो, तीच म्हणायची."

"आई?"

"म्हणणं वेगळं. ऐकावं लागणं वेगळं."

जेवताना तिघं होती. पानात वाढलं गेलं, मीठ इकडून तिकडे सरकलं. दुसरा दिवसही तसाच गेला. सासूबाईंना तिच्याशी काम पडलं की त्या सासऱ्यांना सांगत, "तिला म्हणावं, पाणी तापलंय." ती दोनदा टेबलापाशी जाऊन उभी राहिली. एकदा पडदा आला होता, मोठा, दोघींनी धरायचा. सासूबाईंनी तो टेबलावर पसरून एकटीनेच घडी घातली. नीट झाली नाही, पुन्हा उलगडली, पुन्हा घातली.

निघायच्या वेळी सासऱ्यांनी तिची बॅग उचलायला घेतली. तिने ती छातीच्या टाक्यांची आठवण करून देऊन काढून घेतली. दुकानाच्या पायरीवर तिने वळून म्हटलं, "आई, येते."

आतून इस्त्रीचा आवाज थांबला. सासूबाई दारापर्यंत आल्या. त्यांचे डोळे सुजले होते, पण आवाज कोरडा होता.

"फोन करत जा," त्या म्हणाल्या. "मी उचलला नाही तरी करत जा."

*

लग्न थंडीत झालं, एका सरकारी कचेरीत, मोजक्या माणसांत. सासरे एकटेच आले. त्यांनी नव्या नवऱ्याचा हात दोन्ही हातांत धरला, त्याच्या कोटावरचा चहाचा डाग पाहिला, आणि समारंभ संपायच्या आत बाजूला नेऊन तो काढून दिला. जाताना म्हणाले, "ती यायला निघाली होती. बसपर्यंत आली. मग म्हणाली, दुकान कोण बघणार."

ती दर रविवारी फोन करायची. दुकानाचा फोन गल्ल्यावर होता; सासरेच उचलायचे. आई कशा आहेत? आहे, टाचा बऱ्या झाल्या. देऊ का तिला? मग रिसीव्हरवर हात ठेवल्याचा आवाज, पलीकडे पुटपुट, आणि पुन्हा ते, "अगं, ती जरा कामात आहे." हिवाळा गेला, उन्हाळा आला. उन्हाळा उतरला तेव्हा तिने रजा काढली नाही. यावं का असं विचारायचा धीर झाला नाही आणि तिकडून कुणी ये म्हणालं नाही.

मग एका रविवारी फोन बराच वेळ वाजत राहिला. ती ठेवणार तेवढ्यात कुणीतरी उचलला. पण बोललं कुणी नाही.

"बाबा?"

"ते तपासायला गेलेत दवाखान्यात," सासूबाई म्हणाल्या. "नेहमीचंच आहे. काळजीचं नाही."

"बरं."

तिला त्यांचा श्वास ऐकू येत होता. सांगण्यासारखं पुष्कळ होतं आणि त्यातलं काहीही तोंडातून निघेल असं नव्हतं.

"ठेवू का मग, आई?"

"ठेवायची घाई आहे का तुला?"

"नाही."

"मग राहू दे चालू. मला इस्त्रीला दोन्ही हात लागतात, बोलता येणार नाही. तू आपली राहा."

त्यांनी रिसीव्हर गल्ल्यावर ठेवल्याचा ठक्क आवाज झाला. मग पावलं, टेबलाकडे गेलेली. मग वाफ. फुस्स. कापड ओढल्याचा, झटकल्याचा, पलटल्याचा आवाज. नव्या नवऱ्याने स्वयंपाकघराच्या दारातून काय म्हणून खुणेने विचारलं; तिने ओठांवर बोट ठेवलं. तो तसाच मागे फिरला. ती खुर्ची ओढून घेऊन बसली, आणि तिकडे एकेक शर्ट संपत गेला तरी तिने फोन कानावरून काढला नाही.